पॉइंट शून्य सात

पंच्याण्णव साली, लुनेनबर्गच्या धक्क्यावर,
बाथरूमच्या वाटेत सिगारेटचं मशीन होतं ते निघालं
आणि त्या जागी हे आलं. आकारानं लहान,
त्यामुळे भिंतीवर जुन्याचा पिवळट चौकोन
त्याच्या चारी बाजूंनी उरला.
एक डॉलरचं नाणं, एक स्ट्रॉ, एक लांब फुंकर.
मालक म्हणाला, व्हर्ना, विमेवाले खूश होतील.

पहिल्याच शुक्रवारी पोरांनी त्याची शर्यत केली.
ज्याचा आकडा मोठा त्याला बाकीच्यांनी पाजायची.
कॉर्कमांचा धाकटा पॉइंट एकोणीसवर जिंकला
आणि बक्षीस मागायला माझ्याकडे आला.
मी पाणी दिलं. तो रडायला लागला.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो;
आमच्याकडे आधी प्यायचं,
मग फुंकायचं.

डेल्बर्ट त्या पोरांतला नव्हता.
शेवंडीचे पिंजरे उतरवून साडेपाचला यायचा,
शेवटचं स्टूल, दाराकडे पाठ, अंगाला डिझेलचा वास.
रमचे तीन. कधी चार.
मार्गी गेली त्यानंतर पाच.
पाचाच्या पुढे मी ओतत नव्हते.
हे कुठे लिहिलेलं नव्हतं.
तो पैसे मोजताना नाणी एकावर एक रचू लागला
की मला कळायचं, आज किल्ली मागायची.

त्या रात्री त्यानं मनोरा रचला.
मी हात पुढे केला.
तो म्हणाला, मला काय विचारतेस, त्याला विचार.
मनोऱ्यातलंच वरचं नाणं घेऊन गेला
आणि फुंकला, गाल फुगवून,
वाढदिवसाच्या पोरासारखा.
लाल आकडे थरथरले, थांबले: पॉइंट शून्य सात.
कायद्याची रेघ शून्य आठवर.
बघ, म्हणाला.
मी बघितलं.
किल्ली काउंटरवरून त्याच्याकडे सरकवली.

ब्रिजवॉटरला, दुसऱ्या मजल्यावर, जबानी.
शेवटचा ग्लास कधी रिकामा झाला? पावणेनऊ.
फुंकर? आठ पन्नास.
वळणावर? नऊ पंचवीस.
वकीलबाईनं पिवळ्या कागदावर एक चढण काढली.
पोटातली रक्तात यायला वेळ लागतो, मिस झ्विकर,
त्यानं फुंकलं तेव्हा तो अजून इथे होता,
आणि पेन्सिल वर सरकत गेली,
आणि इथे लोरेटाची गाडी आली.

रात्रपाळीला निघाली होती लोरेटा, नर्सिंग होममध्ये.
चर्चच्या गाण्यात माझ्या डावीकडे उभी राहायची,
वरचा सूर तिचा.
दोन्ही पाय, गुडघ्यांखाली.
डेल्बर्टचं फक्त गळपट्टीचं हाड.

बाहेर जिन्यात आमचा वकील मालकाला म्हणाला,
ते मशीन आजच काढ.
मोजलं की तुला माहीत होतं असं होतं.
न मोजलेलं बरं.
मालकानं मान हलवली, विमा भरताना हलवतो तशीच.

पण मी आत आधीच बोलून बसले होते.
बाईनं विचारलं, आकडा नसता तर?
मी म्हटलं, तर किल्ली दिली नसती.
मला मशीनच्या आधीच माहीत होतं.
टायपिस्ट थांबली, मग तेवढंच टाइप केलं.
आमच्या वकिलानं डोळे मिटले.

आता भिंतीवर दोन चौकोन आहेत,
एकात एक.
स्ट्रॉचा खोका काउंटरखाली पडून आहे,
कोणी फेकत नाही.

रविवारी हॉस्पिटलला चाउडर नेलं.
डबा उघडला तशी खिडकीवर वाफ धरली.
पहिल्या चमच्यावर मी फुंकर घातली,
दुसऱ्यावरही,
तेव्हा लोरेटा म्हणाली,
दे इकडे. माझे पाय गेलेत, व्हर्ना,
तोंड नाही.