पितृपक्षातला भाव

भांडुपला एलबीएस रोडवरच्या शोरूमकडे
हे पंधरा दिवस कुणी फिरकत नाही.
सेल्समन घाग एसीखाली बसून
त्याच गाड्या परत परत पुसतो.

मी मुद्दाम हाच आठवडा धरला.

"मॅडम, घटस्थापनेला या, स्कीम येणारे."
येऊ दे. तेव्हा गर्दीही येणारे.
मला आज हवी. एकशे पंचवीस, राखाडी,
ती, मार्चपासून काचेला टेकून उभी असलेली,
जिच्या सीटवर उन्हाचा पट्टा उमटलाय.

त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला.
मी आकडा पुसून त्याच्याकडे.
हॅण्डलिंग चार्जेस? काढा.
टेफ्लॉन कोटिंग? मी काय तवा घेतेय?
तो "मॅनेजरला विचारतो" म्हणत आत गेला.
काचेतून दिसत होतं, आत कुणीच नव्हतं.
मीही फोन कानाला लावला,
"मुलुंडवाला किती म्हणतोय रे?"
फोन बंद होता.

साडेनऊ हजार उतरल्यावर दोघंही दमलो.
चहा आला.
कपाकडे बघत तो म्हणाला,
"घरी चालतं तुमच्या? या दिवसांत, नवी वस्तू..."

म्हटलं, आज बाबांची तिथी.
जन्म गेला त्यांचा
दुसऱ्यांच्या गाड्यांखाली, पाठीवर झोपून.
या दिवसांत येतात म्हणे माणसं.
मग गाडी बघायला बोलवायचं
तर दसऱ्याला कसं बोलवू?

घाग काही बोलला नाही.
कॅल्क्युलेटर ओढला, आणखी पाचशे कमी केले.

मी तरी लगेच हो म्हटलं नाही.
हेल्मेट मागितलं.
दोन.