जेल रोडवर रामेन

पापडखार चिमूटभर जास्तच पडला.
मैदा पिवळा झाला, हट्टाला पेटला,
शेवयांच्या साच्यातून उतरेना.
शेवटी सुरीनेच कापला, जाडाभरडा.

हाडं पहाटेपासून उकळताहेत,
त्यात लासलगावचा कांदा, काळा होईतो भाजलेला.

अप्पांनी प्रेसमध्ये हयातभर नोटा मोजल्या;
आता घड्याळ घेऊन अंड्यांपाशी उभे :
"साडेसहा म्हणजे साडेसहाच मिनिटं, विभावरी."

जेवताना आवाज नको,
हे त्यांनीच शिकवलेलं, धपाटा घालून.
मी म्हटलं, तिकडे भुरका मारला नाही
तर रांधणाऱ्याला वाईट वाटतं.

ते उठले. खिडकी लावून घेतली.
मग असा भुरका,
की चष्म्यावर रस्सा.

"तिखट हवं होतं,"
वाडगा पुढे करत म्हणाले.