वीस मिलिमीटर

फेगडे अण्णांनी कुरियरनं फ्यूज मागवला.
बोटाच्या पेराएवढा. साडेसात हजार.
मखमलीच्या डबीत, अंगठी असावी तसा,
दोन्ही टोकांना सोनं
आणि पोटावर एक बारीक बाण :
करंटनं इकडून तिकडं जायचं.

म्हटलं, अण्णा, घरातली वीज
सेकंदाला पन्नास वेळा जाते नि परत येते,
सावद्याच्या बाजारात पिशवी विसरलेल्या माणसासारखी.
तिला कोण बाण दाखवणार?
अण्णा म्हणाले, तू बसव ना भो.

बसवला.
अठ्ठावीस वर्षं फैजपुरात दुकान माझं,
मिक्सर, पंखे, बँडवाल्यांचे भोंगे,
आणि वर्षातून दोनदा अण्णांचा ॲम्प्लिफायर,
ज्याच्यासमोर चपला काढून बसायचं.

स्क्रू आवळताना मनात हिशेब चालला होता :
दीपनगरहून निघते ती,
केळीच्या बागांवरून, मोटारींना पाजत पाजत,
गल्लीतल्या डीपीपर्यंत,
जिथं सुपडू वायरमननं
जळक्या किटकॅटमध्ये तांब्याचे दोन पदर
पिळून घातलेत गेल्या पोळ्याला.
मग मीटर, मग बोर्ड, मग बोर्डावरची पाल,
आणि शेवटचे वीस मिलिमीटर
राजेशाही.

अण्णांनी कॅसेट लावली.
अमळनेरची मैफल, ब्याऐंशी साल,
कुणीतरी खांबाआडून भरलेली.
डोळे मिटले. बोट वर.
"ऐकलंस? सा लावायच्या आधी कुणी खोकलं."
"हो."
"तो मी."

मग आम्ही तो खोकला
सहा वेळा मागं नेऊन ऐकला.
बावीस वर्षांचा, कोरडा,
रुमालात अर्धा दाबलेला.
"इतक्या वर्षांत कधी ऐकू आला नव्हता रे!"

मलाही आला.
हे सांगताना धंद्याची लाज वाटते.
या खोलीत मी शंभरदा आलो असेन,
हातात कायम टेस्टर.
बसून आजच ऐकलं.
आणि बाण?
चष्मा दुकानात राहिला होता.
उलटा बसला असेल, सुलटा असेल.

तेवढ्यात डीपीत फट् झालं.
गल्ली काळी. फ्रिज गप्प, पंखा रेंगाळत थांबला,
गाणं खर्जात घसरून मेलं.
अंधारात अण्णा खोकले.
ओळखीचाच वाटला खोकला,
फक्त आता रुमाल नव्हता.

डबी चाचपत म्हणाले, आपला शाबूत असेल ना?
असेल, म्हटलं.
सुपडूला फोन लावला.
येतो म्हणाला, जेवून.
तार आहे का घरी?