लोखंडापर्यंत

मसाई पठारावर गाडीचे दिवे घालवले
की पहिली वीस मिनिटं काही करायचं नसतं.
डोळ्यांत अंधार मुरू द्यायचा.
दस्तगीरभाई म्हणतात, भट्टीत बघून बघून पिकलेला डोळा,
लवकर विसरत न्हाई. दम धर.

मी दम धरतो. कानाला मफलर, थर्मासात चहा.
खाली कुठंतरी गुऱ्हाळ चालू आहे,
काहिलीतला पाक वाऱ्यावर वर येतो.
पूर्वेला कोल्हापूर,
आभाळाच्या कडेला पिवळट डाग.
त्या डागातच आमचं उद्यमनगर.
तिथं बत्तीस वर्षं त्यांनी भट्टी सांभाळली
आणि मी त्यांच्या बाजूला उभा राहिलो.

दुर्बीण घरचीच.
नळी शेतातल्या पाइपची,
बैठक रिजेक्ट झालेल्या फ्लायव्हीलची,
आरसा मात्र त्यांनी हातानं घासला,
रिकाम्या बॅरलभोवती फेऱ्या मारत,
काचेवर काच, एक अख्खा पावसाळा.
शेजारी विचारायचे, चाचा, नवस हाय काय?
हाय की.
फिटायला लई दिवस लागतील.

तिकांडं वर आलं.
त्याच्या खांद्यावरचा तांबडा, तो काक्षी.
पाचसहा वर्षांमागं हा अचानक मंदावला
तेव्हा आम्ही रोज रात्री गच्चीवर.
आज फुटतोय, उद्या फुटतोय,
वात पेटवून कानात बोटं घातलेल्या
पोरांसारखे दोघं.
फुटला नाही.
मागनं कळलं, त्यानं अंगचाच एक लोट बाहेर टाकला,
तो गार होऊन धूळ झाला
आणि त्याच्याच तोंडाआड आला.
कपोलाच की, दस्तगीरभाई म्हणाले,
धूर आपलाच असतोय.

यंदा त्यांची नात आलीय बरोबर. तबस्सुम.
सागरमाळावर विद्यापीठात फिजिक्सला.
म्हणाली, नाना, त्याच्याजवळ आणखी एक तारा सापडलाय.
बहुतेक.
('बहुतेक' वर तिनं बोट ठेवलं,
आम्ही सुताच्या मापावर ठेवायचो तसं.)
लहान आहे, इतका खेटून
की ह्याच्या उजेडातच बुडालाय.
सहा वर्षांत एक फेरी मारतो.
माणसं कधीपासनं ह्या ठिपक्याकडं बघतायत,
बाजूचा कुणाला दिसला न्हाई.

दस्तगीरभाई बराच वेळ वाकून राहिले.
न्हाई दिसत.
आपल्या आरशात दिसायचाच न्हाई, नाना.
ते ठाऊक हाय गं. बघाय काय जातंय?

मग माझी पाळी.
एक निखारा, थरथरणारा,
त्याच्या बाजूला काहीच नाही.
मी त्या काहीच-नाहीकडं
निखाऱ्यापेक्षा जास्त वेळ बघितलं.

चहा ओतता ओतता ती सांगत होती,
असला दांडगा तारा एकेक जिन्नस जाळत जातो,
हलक्यातनं जड, जडातनं आणखी जड,
आणि पोटात लोखंड झालं की थांबतो.
लोखंड जाळून त्याच्या हाताला काही लागत नाही.
मग क्षणात आत कोसळतो.

म्हटलं, म्हणजे लोखंडावर त्याची शिफ्ट संपती
आणि आमची तिथनं सुरू.
ती हसली. ते हसले नाहीत.
कप झटकला, आणि हात नुसता पुढं धरून बघितला,
तळव्यावरचे जुने डाग अंधारात दिसत नव्हते
तरी बघितला.

काक्षी कलला. दव पडायला लागलं.
नळी उतरवली, आरशावर झाकण घातलं,
फ्लायव्हील उचलायचं काम माझं.
गार होतं. बोट आपोआप
कडेच्या त्या भोकात गेलं, हरभऱ्याएवढ्या.
साचा ओला राहिला होता.
माझा साचा, कामावरचं माझं पहिलं वर्ष.
मालक आला तेव्हा दस्तगीरभाई माझ्यापुढं येऊन
उभे राहिले आणि म्हणाले,
माझ्या हातनं झालं.
त्या दिवशी मी कुणाला दिसलोच नाही.

गाडीतनं हाक आली, आटप की लेका.
आलो, म्हणालो.
आणि तिथंच उभा राहिलो,
हातात वीस किलो लोखंड घेऊन,
मान वर.