टिपरातली अंडी

होंड्याच्या पुढे, डांबर संपतं त्या वळणावर
सत्यवती गांवसच्या अंगणात टिपर उभा आहे.
खाण बंद झाली त्या वर्षापासून हललेला नाही.
चाकांना लावलेले चिरे मातीत रुतलेत,
आरशावर मिरीचा वेल.
बँकेची नोटीस मात्र अजून वेळेवर येते.

मी टॅबलेट घेऊन उंबऱ्याशी बसते.
सरकारी पाहणी, म्हणते, दहा मिनिटं लागतील.
(चाळीस लागतात. पैसे दहाचेच.)
कुटुंबप्रमुख कोण?
ती आत पाहते. आतून खोकला येतो.
व्यवसाय?
"टिपरमालक," खोकलाच सांगतो.
मी तसंच भरते.

आणि तुम्ही काय काम करता?
"हांव? कांयच ना. घरांतच."

यंत्राला 'कांयच ना' कळतं.
त्याचा आकडा ठरलेला आहे.
बोट नुसतं टेकवायचं,
पुढचे प्रश्न आपले आपण मिटतात
लाजाळूसारखे.
मला घाईच होती. साखळीची शेवटची बस पावणेसहाची.

पण टिपरात कोंबडी ओरडली,
आणि बोलता बोलता ही उठली,
पदर खोचून ड्रायव्हरच्या दारातून आत शिरली,
उतरली ती ओच्यात सात अंडी घेऊन.
"हीं वाळपयच्या कँटीनाक."

मग मीच विचारत गेले, फॉर्मात नसलेलं.
काजू कोण वेचतं? "हांव."
विकतं कोण? "ते."
पासबुक? तिने हनुवटीने आतली खोली दाखवली.
कुळागरात सुपारी सोलायला रोजावर जाते,
पण रोज नसतो, म्हणून ते काम नव्हे.
नळाचं पाणी पहाटे तीनला येतं, ते तर नव्हेच.
बोटं मोडता मोडता तेरा तास भरले.
टॅबलेट लाल झाला:
काम नसलेल्या व्यक्तीचे तास भरता येणार नाहीत.

पणजीत आमचं प्रशिक्षण झालं, गारठवणाऱ्या सभागृहात.
पडद्यावर एक रेघ डोंगर चढत होती,
तिच्या खाली दुसरी, बायकांची, जमिनीला धरून.
ही वर न्यायची तर पाळणाघरं हवीत, रात्रीच्या बस हव्यात,
साहेब म्हणाले, आणि खोटं काही म्हणाले नाहीत.
मागच्या रांगेतून कुणी विचारलं, आमचा भत्ता?
तेवढ्यात चहा आला.

हिची दीक्षिता कुंडईला गोळ्या भरते, औषधाच्या.
अकरा महिने काम, एक महिना घरी, मग पुन्हा नवी.
रात्रपाळीचे थोडे जास्त मिळतात;
बघायला येणाऱ्यांना मात्र रात्रपाळी सांगायची नाही.

मी आकडा बदलला. वाचून दाखवला:
घरच्या धंद्यात मदतनीस.
ती हसली नाही. म्हणाली,
"टिपर उबो, ते खाटेर.
हांव मदत करतां ती कोणाक?"

पुन्हा खोडलं. स्वतःचा धंदा.
यंत्राने विचारलं, धंद्याची जागा?
आम्ही दोघींनी टिपराकडे पाहिलं.
आतला खोकला थांबला होता.
"बरय," ती म्हणाली.

माझ्या मराठी कानांनी आधी 'बरंय' ऐकलं.
मग कळलं, ती 'लिही' म्हणतेय.
आणि लगेच, आवाज खाली आणून,
"पूण ल्हान अक्षरांनी."

तिथे रेंज नव्हती.
फॉर्म बसमध्ये माझ्या मांडीवर गोल गोल फिरत राहिला,
सोबत वर्तमानपत्रात बांधलेली दोन अंडी.
पैसे द्यायला लागले तर म्हणाली, पुढच्या खेपेला दे,
तुझे कधी येतात?
तीन महिने झाले, मी म्हणाले.
तिने मान हलवली,
जणू हा आकडा तिला आधीच माहीत होता.