शिरटेक स्टेशन, रविवारी दहा ते पाच

मी एसटीचा कंडक्टर. एकतीस वर्षं
इचलकरंजी-कोल्हापूर.
रेल्वेशी नातं एवढंच, की बंद फाटकाशी उभा राहून
तिला शिव्या घातल्या.
तरी म्युझियमची किल्ली माझ्याकडं असते,
कारण घर जवळ. दुसरं काही नाही.

गाडी इथं थांबत नाही.
एक वीसची जाते तेव्हा
कपाटातले पितळी टोकनचे गोळे आपोआप किणकिणतात.
आम्ही बोलता बोलता गप्प होतो,
मग सोडलं होतं तिथूनच पुन्हा धरतो.

कौलं भूपाल मगदूमनं आणली,
ऊस ओढायच्या ट्रॉलीतून, तीन खेपांत.
मोडक्या लिव्हरची मूठ दस्तगीरनं ओतली
शिरोलीच्या फौंड्रीत, रात्रपाळीला, मुकादमाची नजर चुकवून.
भिंत खरवडताना सातव्या रंगाखाली
कोळशानं लिहिलेलं निघालं:
गूळ, ४१२ ढेपा, दोन फुटक्या.
तेवढी वीतभर भिंत रंगवली नाही.

चिठ्ठ्या आवळेबाईंच्या अक्षरात.
"सिग्नलचा दिवा" या चिठ्ठीपुढं
बाबगोंडाअण्णा, जुने पॉइंट्समन, थबकले, म्हणाले,
"बाई, हा संडासातला."
बाईंनी चिठ्ठी काढली नाही.
खाली बारीक लिहिलं: वाद आहे.

काचेखाली एक वही उघडी असते,
हरवलेल्या सामानाची.
गेल्या रविवारी हुपरीचे गजबर पोतदार
वाकून, चष्मा कपाळावर सारून वाचत राहिले.
चांदीकामाची माणसं अशीच बघतात,
वितळवून घेतल्यासारखी.
"पितळी डबा एक. भाकरी तीन, ठेचा. बाकड्याखाली."
"हा आमचा," ते म्हणाले.
"इंजिन बघायला पळालो, तो इथंच राहिला.
आईनं चिंचेच्या फोकानं फोडला होता मला."
शेवटचा रकाना, मिळाल्याची सही, कोरा.
"करू का?"

अण्णा म्हणाले, सामान नाही तर सही कसली? नियम आहे.
बाई म्हणाल्या, जुनी वही, पेन लावायचं नाही.
दस्तगीर बिडी ओढायला बाहेर गेला.

मला आठवत होती तिकिटांची पाठ.
सुट्टे नसले की मागं लिहून द्यायचो:
तीन रुपये. साडेचार. आठ आणे.
उतरताना घ्या म्हणायचो.
गर्दीत किती जण तसेच उतरून गेले
हातकणंगल्याला, चोकाकला,
मुठीत माझं अक्षर घेऊन.
कुणी परत मागायला आलं नाही.
आलं असतं तर ओळखलं असतं मी, अजून.

काच सरकवली. खिशातलं पेन दिलं,
तेच, जुनं, टोपणाला दातांच्या खुणा असलेलं.
त्यांनी सही केली, तांदळाएवढी,
खाली तारीख घातली, आजची.
मग रिकामे हात एकदा उघडून बघितले
आणि पायजम्याला पुसले.
बाई काही बोलल्या नाहीत. वहीवर फुंकर मारली,
शाई वाळावी म्हणून.

नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून गेले ते.
चहाचे दहा रुपये ठेवले होते, बशीखाली.

त्याच पानावर खालच्या ओळीला अजून लिहिलंय:
चप्पल एक, डाव्या पायाची, करकरणारी.
सहीचा रकाना कोरा आहे.
रविवारी दहाला उघडतो.