सात मिनिटं

सिंदेवाहीचा दवाखाना, खिडकी दुसरी.
गिरजाबाई नन्नावरे, मनगट मोडलेलं.
गुंगीची सुई ११.१०, सिस्टर उठली ११.३२.
कागदावर आयोडिनचा डाग.

पंधरा मिनिटांना कोड आहे.
पुढची सात कुठंच बसत नाहीत;
आठ असती तर दुसरा लागला असता.
२ला जरा शेपूट दिलं की ३ होतो.

हाड बसवताना ती अर्धवट झोपेत
बोलत होती म्हणे :
'बांधीचा धुरा फुटला व, लीले,
माती टाक, मी पानी अडवतो.'
लीला कोण, विचारलं,
तर सोबतचा पोरगा चपलेनं फरशी उकरत राहिला.

पेनाला टोपण लावलं.
सात मिनिटं फुकट.
बाहेर बाकावर गिरजाबाई
प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसलेली,
कुणी लेकरू सांभाळायला दिल्यासारखी.